सापांच्या गुणसूत्रांतील पुनरावर्ती डीएनएचा अभ्यास कसा करावा

सापाच्या जनुकसंचाची प्रसिद्ध झालेली जुळणी (वाचलेले डीएनएचे तुकडे जोडून तयार केलेला सलग क्रम) संगणकावर उतरवून घ्यायची, तिच्यात पुनरावर्ती, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा, डीएनए किती टक्के आहे हे मोजायचे आणि त्या एका आकड्यावरून गुणसूत्रे कशी बदलत गेली याचा निष्कर्ष काढायचा, हा क्रम पदव्युत्तर प्रकल्पांमध्ये वारंवार दिसतो. तो चुकीचा आहे, कारण ज्या भागाबद्दल प्रश्न विचारायचा असतो नेमका तोच भाग जुळणीतून सर्वांत आधी गळालेला असतो. एकसारखे तुकडे हजारो वेळा एकापुढे एक आले की ते नेमके किती आहेत हे जुळणी करणाऱ्या प्रणालीला ठरवता येत नाही. ती ते एकमेकांवर रचून थोड्याच प्रतींत गुंडाळते किंवा सरळ वगळते. म्हणून आधी कच्च्या रीड्समध्ये, म्हणजे यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या मूळ छोट्या तुकड्यांमध्ये, मोजावे, मग जुळणीत जागा शोधावी, त्यानंतर काचपट्टीवर प्रत्यक्ष गुणसूत्र पाहावे, आणि या तिन्ही टप्प्यांवर नर व मादी शेजारी शेजारी ठेवावेत. पुढील विवेचन याच क्रमाने केले आहे.

सुरुवात करण्यापूर्वी

सापांच्या पेशींतील गुणसूत्रांची द्विगुणित संख्या पुष्कळ जातींत ३६ असते. त्यांपैकी १६ मोठी आणि २० सूक्ष्म गुणसूत्रे असतात. अजगर आणि घोणस हे सर्पकुळात एकमेकांपासून बरेच दूरचे, तरीही दोघांत ही संख्या ३६ आहे. आपल्याकडील नागात ती ३८ आहे. मण्यार हा साप याहून वेगळा, आणि त्याच्याकडे पुढे सविस्तर यायचे आहे. धामण, नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे सगळे कोलुब्रॉइड नावाच्या मोठ्या गटात येतात, आणि या गटात लिंगनिश्चिती झेड-डब्ल्यू पद्धतीची असते: नरात दोन झेड, मादीत एक झेड व एक डब्ल्यू. डब्ल्यू गुणसूत्र झेडशी डीएनएची अदलाबदल करत नाही, त्यामुळे त्यावर आलेला पुनरावर्ती डीएनए झटकला जात नाही आणि साचत जातो. सापांच्या गुणसूत्रांचा अभ्यास करणाऱ्यांचे लक्ष या गुणसूत्राकडे वळते ते याच कारणाने.

या विषयाशी भारताचे नाते जुने आहे. बनारस हिंदू विद्यापीठात एस. पी. रायचौधुरी यांच्या मार्गदर्शनाखाली लालजी सिंग यांनी भारतीय सापांच्या गुणसूत्रांवर संशोधन केले. मादी सापाच्या विभाजन न होणाऱ्या पेशीतही डब्ल्यू गुणसूत्राचा गडद रंगणारा पुंजका वेगळा ओळखता येतो, आणि झेड व डब्ल्यू आकाराने सारखेच असलेल्या जातींतही डब्ल्यूची प्रत तयार होण्याची वेळ वेगळी असू शकते, हे या गटाने दाखवले. पुढे एडिनबर्ग येथे लालजी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पट्टेरी मण्यारीच्या मादीतून एक उपग्रह डीएनए, म्हणजे एकापुढे एक सलग पुनरावृत्तींचा डीएनए, वेगळा केला. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून ‘बीकेएम’ हे नाव रूढ झाले. पट्टेरी मण्यारीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे त्यात आहेत. या डीएनएचा गाभा जीएटीए या चार अक्षरांची पुनरावृत्ती हा आहे, आणि जोडीला जीएसीए हा तुकडाही त्यात येतो. हैदराबादमध्ये पुढे भारतीय डीएनए ठसे तंत्र उभे राहिले तेही याच बीकेएमच्या आधारावर. अभ्यासाची सुरुवात जीएटीएपासून करावी असे मी विद्यार्थ्यांना सांगतो, कारण त्यावर जुने, हाताने केलेले आणि पुन्हा पडताळून पाहिलेले निरीक्षण उपलब्ध आहे आणि आपली पद्धत बरोबर चालते का हे त्याच्याशी ताडून पाहता येते.

जातींची निवड

एका जातीवर काम करून उत्क्रांतीबद्दल काहीही सांगता येत नाही. किमान तीन जाती घ्याव्यात: जिच्याबद्दल प्रश्न आहे ती, तिची जवळची नातलग आणि दोघींच्या बाहेरची एक. नागाची ३८ ही संख्या मूळची की बदललेली, हे नाग आणि घोणस एवढ्याच दोघांकडे पाहून ठरत नाही. अजगर तिसरा ठेवला आणि त्यातही ३६ दिसली की ३६ हीच जुनी अवस्था असण्याची शक्यता बळावते आणि बदल नागाच्या बाजूला झाला असे म्हणता येते.

बाहेरची जात म्हणून अजगर किंवा बोआ घेताना मात्र एक जुना समज बाजूला ठेवावा लागतो. सुसुमु ओहनो यांनी १९६७ मध्ये सापांची लिंगगुणसूत्रे एका शिडीसारखी मांडली: बोआ-अजगरांत दोन्ही सारखी, धामणीच्या कुळात मधली अवस्था आणि घोणसवर्गीयांत डब्ल्यू लहान झालेले. ही मांडणी पाठ्यपुस्तकांत इतकी स्थिरावली की अजगरातही झेड-डब्ल्यूच असणार असे पन्नास वर्षे गृहीत धरले गेले. २०१७ मध्ये एका बोआ जातीत आणि बर्मी अजगरात प्रत्यक्षात एक्स-वाय पद्धत असल्याचा पुरावा प्रसिद्ध झाला. म्हणजे तुलनेसाठी अजगर घेताना त्याला ‘डब्ल्यू अजून न बिघडलेला साप’ मानू नये. तेथे नर आणि मादी यांच्या भूमिकाच उलट असू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या जोडीत नेमके काय दडले आहे हे आकारावरून ठरवायचे नसते, हा या प्रकरणातला सर्वांत मोठा धडा आहे.

नमुना आणि परवानगी

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे आणि शास्त्रीय कामासाठीही संरक्षित साप पकडण्याकरिता त्या अधिनियमाच्या कलम १२ खाली परवानगी लागते. सर्पमित्राने घरातून सोडवून आणलेल्या नागाचे ‘जाता जाता एक थेंब रक्त’ घेणे हेही परवानगीशिवाय करू नये. त्यात सापाला इजा होते, सर्पमित्र अडचणीत येतो आणि असा नमुना कोणत्याही शोधनिबंधात मांडता येत नाही. सुदैवाने या मार्गदर्शनातील मोठा भाग सार्वजनिक भांडारांत ठेवलेल्या रीड्सवर करता येतो. भारतीय नागाचा गुणसूत्र-पातळीचा जनुकसंच २०२० मध्ये प्रसिद्ध झाला असून त्याचा आकार सुमारे १.७९ अब्ज अक्षरे आहे. बर्मी अजगर आणि नागराज यांचे जनुकसंच २०१३ पासून, तर उत्तर अमेरिकेतील प्रेअरी रॅटलस्नेकचा गुणसूत्र-पातळीचा जनुकसंच २०१९ पासून उपलब्ध आहे.

परवानगी असेल तर रक्त हा उत्तम नमुना आहे, कारण सापाच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते आणि थोड्याशा रक्तातून भरपूर डीएनए मिळतो. कात टाकलेली त्वचा छोट्या चाचण्यांना पुरते, पण तिच्यातील डीएनए तुटलेला असल्याने लांब रीड्ससाठी ती उपयोगाची नाही. गुणसूत्रांच्या काचपट्ट्यांसाठी तर जिवंत, विभाजन करू शकणाऱ्या पेशीच लागतात.

ग्रंथालय तयार करताना, म्हणजे वाचनासाठी डीएनएचे तुकडे सज्ज करताना, पीसीआरची (डीएनएच्या प्रती वाढवण्याची) पायरी टाळता येत असेल तर जरूर टाळावी. पीसीआरमध्ये काही पुनरावर्ती तुकडे मागे पडतात तर काही प्रमाणाबाहेर वाढतात, आणि मग नर-मादीतील फरक सापाचा की नळीतला हे सांगता येत नाही. नर आणि मादी यांचे डीएनए एकाच पद्धतीने, शक्य तर एकाच दिवशी हाताळावेत.

नर की मादी, हे आधी तपासावे

भांडारातील नोंदीत लिहिलेल्या लिंगावर विसंबू नये. मादी म्हणून उतरवून घेतलेला नमुना नराचा निघाल्याने एका विद्यार्थ्याचे चार महिन्यांचे काम आम्हाला बाजूला ठेवावे लागले होते, आणि ज्या तपासणीने हे उघड झाले ती करायला एक दुपार पुरली. रीड्स जुळणीवर बसवाव्यात, एकाच जागी निःसंदिग्धपणे बसणाऱ्या रीड्स तेवढ्या ठेवाव्यात आणि प्रत्येक मोठ्या गुणसूत्रावरील सरासरी कव्हरेज, म्हणजे एकेका जागेवर सरासरी किती रीड्स बसल्या हे, काढावे. कोलुब्रॉइड मादीत झेडवरील कव्हरेज इतर गुणसूत्रांच्या सुमारे निम्मे येते. नरात ते सारखेच येते. झेड बहुधा आकाराने चौथ्या क्रमांकाच्या जोडीचा असतो, पण क्रमांकावर न जाता जनुकांवरून ओळखावा: सापांच्या झेडवरील जनुके कोंबडीच्या २ आणि २७ या गुणसूत्रांवरील जनुकांशी जुळतात, हे २००६ पासून माहीत आहे. कोंबडीतही लिंगनिश्चिती झेड-डब्ल्यू पद्धतीचीच असली तरी तिचे झेड आणि सापाचे झेड हे स्वतंत्रपणे घडलेले आहेत.

येथे नवशिक्यांच्या हातून होणारी एक चूक सांगून ठेवतो. निःसंदिग्ध रीड्स ठेवण्याची ही चाळणी लिंग तपासताना आवश्यक आहे, पण पुनरावर्ती डीएनए मोजताना तीच चाळणी घातक ठरते, कारण पुनरावर्ती रीड अनेक जागी बसते आणि चाळणीतून नेमकी तीच बाहेर फेकली जाते. त्यामुळे दोन्ही कामांसाठी दोन वेगळ्या फायली ठेवाव्यात.

कच्च्या रीड्समध्ये मोजणी

जीएटीए मोजायचे म्हणजे केवळ ही चार अक्षरे शोधायची असे नाही. सलग पुनरावृत्तीत सुरुवात कुठूनही धरता येते, म्हणून जीएटीए, एटीएजी, टीएजीए आणि एजीएटी हे चारही एकच आहेत. आणि डीएनएचा दुसरा धागा वाचला तर तेच टीएटीसी, एटीसीटी, टीसीटीए आणि सीटीएटी असे दिसते. ही आठही रूपे एका नावाखाली आणली नाहीत तर एकाच पुनरावृत्तीच्या आठ वेगवेगळ्या नोंदी होतात आणि तक्त्यात तिचे वजन आठांत विभागले जाते. तसेच सुटी चार अक्षरे कुठेही योगायोगाने सापडतात, म्हणून किमान सहा-सात वेळा सलग आलेली पुनरावृत्तीच मोजावी आणि निकाल दर दहा लाख रीड्समागे किंवा वाचलेल्या दर दहा लाख अक्षरांमागे मांडावा. नर आणि मादी यांचे एकूण रीड्स कधीच सारखे नसतात. हे प्रमाण काढले नाही तर तुलनेला अर्थ राहत नाही.

जीएटीए हा ओळखीचा तुकडा झाला. अनोळखी पुनरावृत्तींसाठी रिपीटएक्सप्लोरर ही प्रणाली वापरावी. तिच्यातील टॅरिअन हा भाग खास उपग्रह डीएनए शोधतो. ही प्रणाली जुळणीशिवाय, रीड्सची आपसांत तुलना करून त्यांचे गट बनवते. तिला सगळा डेटा देऊ नये. दीड अब्ज अक्षरांच्या जनुकसंचासाठी ०.१ पट कव्हरेज घ्यायचे तर पंधरा कोटी अक्षरे पुरतात, म्हणजे १५० अक्षरांच्या दहा लाख रीड्स. त्यांतील पाच लाख नराच्या आणि पाच लाख मादीच्या घ्याव्यात, प्रत्येकीच्या नावाला वेगळे उपसर्ग लावावेत आणि दोन्ही एकत्र चालवाव्यात. ज्या गटात मादीच्या रीड्स लक्षणीयरीत्या जास्त असतील तो गट डब्ल्यूचा उमेदवार समजावा. उमेदवार म्हणतो ते मुद्दाम, कारण एक नर आणि एक मादी यांच्यातील फरक हा दोन व्यक्तींमधलाही फरक असू शकतो. उपग्रह डीएनएच्या प्रती एकाच जातीतील दोन सापांतही कमी-जास्त असतात. दोन्ही लिंगांचे तीन-तीन नमुने मिळाले तर फारच उत्तम.

जुळणीत जागा शोधणे

आता जुळणीकडे वळावे. रिपीटमॉडेलरने त्या जातीपुरते पुनरावर्ती कुटुंबांचे ग्रंथालय (येथे अर्थ संगणकावरील यादी) बनवावे आणि रिपीटमास्करने त्यांच्या जागा चिन्हांकित कराव्यात. छोट्या सलग पुनरावृत्तींसाठी टँडम रिपीट्स फाइंडर वेगळा चालवावा. ग्रंथालय जसे निघेल तसे वापरू नये. सापांत विषाची जनुके एकापुढे एक अशा अनेक प्रतींत असतात, आणि प्रती मोजणारी प्रणाली अशा जनुककुटुंबालाही पुनरावर्ती डीएनए समजू शकते. म्हणून ग्रंथालयातील प्रत्येक ‘अज्ञात’ कुटुंब ज्ञात प्रथिनांशी ताडून पाहावे आणि जनुके निघाली ती वगळावीत.

सापांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सीआर१ नावाच्या उड्या मारणाऱ्या, म्हणजे जनुकसंचात नव्या जागी जाऊन बसणाऱ्या, घटकांपैकी काहींच्या शेपटाला सूक्ष्म पुनरावृत्ती (थोड्या अक्षरांच्या तुकड्याची सलग पुनरावृत्ती) जोडलेली असते, आणि तो घटक नव्या जागी गेला की ती पुनरावृत्तीही सोबत जाऊन तेथे रुजते. त्यामुळे एखाद्या जातीत एखादी सूक्ष्म पुनरावृत्ती हजारो जागी दिसली तर ती प्रत्येक जागी स्वतंत्रपणे वाढली असे समजू नये. तिच्या शेजारची शंभर-दोनशे अक्षरे काढून पाहावीत आणि त्यांत सीआर१चे अवशेष आहेत का हे तपासावे. कॉपरहेड हा उत्तर अमेरिकेतील विषारी साप आणि बर्मी अजगर यांची तुलना २०११ मध्ये झाली तेव्हा जनुकसंचांचे आकार जवळपास असूनही कॉपरहेडमधील पुनरावर्ती भाग अजगराच्या सुमारे दुप्पट असल्याचे दिसले होते. अशा फरकामागे कोणते घटक आहेत हे कुटुंबवार पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून केवळ एकूण टक्केवारी देऊन थांबणे मला अपुरे वाटते.

गुंडाळल्या गेलेल्या भागाची दुरुस्ती कव्हरेजवरून करता येते. समजा, जुळणीत एका जागी २,००० अक्षरांचा जीएटीएचा पट्टा दिसतो, संपूर्ण जनुकसंचाचे सरासरी कव्हरेज ४० पट आहे, आणि या पट्ट्यावर ते १,२०० पट आहे. तर तेथे तीसपट डीएनए रचला गेला आहे आणि अशा पट्ट्यांची खरी लांबी ६०,००० अक्षरांच्या आसपास असावी. हा अंदाज कच्च्या रीड्समधील मोजणीशी जुळतो का हे लगेच पाहावे. दोन्हींत मोठी तफावत असेल तर तो डीएनए जुळणीत आलेलाच नाही, असे बहुधा निघते.

वयाच्या अंदाजाबद्दल सावध असावे. प्रती मूळ नमुन्यापासून किती टक्के बदलल्या यावरून उड्या मारणाऱ्या घटकांचे वय काढतात आणि ते ठीक आहे. पण सलग उपग्रह डीएनएच्या प्रती एकमेकींना दुरुस्त करत सारख्या राहतात, त्यामुळे फार जुना उपग्रहही ताजा दिसू शकतो. उड्या मारणारे घटक आणि उपग्रह डीएनए एकाच आलेखात टाकू नयेत. तसेच दोन दूरच्या प्राण्यांत एकच घटक सापडला म्हणजे तो समान पूर्वजाकडून आला असेही नसते. बोव्हबी हा उड्या मारणारा घटक साप-सरड्यांत आणि गाईगुरांत दोन्हीकडे आहे, आणि तो आडव्या मार्गाने, म्हणजे वंशपरंपरेबाहेर एका जातीतून दुसरीत, पसरला असे पुरावे सांगतात.

मण्यारीचे उदाहरण

गुणसूत्रे जोडली किंवा तुटली हे वाचायला शिकण्यासाठी साध्या मण्यारीइतके चांगले उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही. १९७० मध्ये बनारसच्या गटाने दाखवले की नरात ४४ आणि मादीत ४३ गुणसूत्रे असतात. विषम संख्या केवळ एकाच लिंगात दिसली की आधी लिंगगुणसूत्रांकडे पाहावे. येथे एक साधे गुणसूत्र डब्ल्यूला जोडले गेले. त्याचा मोकळा राहिलेला जोडीदार आता दुसऱ्या झेडसारखा वागतो. मादीत पहिला झेड, दुसरा झेड आणि डब्ल्यू अशी तीन, नरात दोन्ही झेडच्या दोन-दोन अशी चार. उरलेली चाळीस दोघांत सारखी.

आता विचार करावा की कव्हरेजच्या पद्धतीने हे सापडले असते का. जोडला गेलेला भाग अजून झिजला नसेल तर मादीत त्याच्या दोन प्रती शाबूत असतात, कव्हरेज पूर्ण येते आणि काहीच वेगळे दिसत नाही. अशा वेळी एकाच जागी दोन वेगळी अक्षरे असण्याचे प्रमाण मोजावे: अदलाबदल थांबलेल्या भागात मादीच्या दोन प्रती वेगळ्या होत जातात आणि हे प्रमाण नरापेक्षा वाढते. अजगरातील एक्स-वायही नरातच आढळणाऱ्या खुणा शोधून सापडले.

जोडाची जागा ठरवताना टोकांवरील टीटीएजीजीजी ही पुनरावृत्ती गुणसूत्राच्या मध्येच सापडली म्हणून तेथे जोड झाला असे लगेच लिहू नये. सापांत ही पुनरावृत्ती सेंट्रोमिअरजवळच्या (गुणसूत्राच्या आवळलेल्या जागेजवळच्या) गडद भागांतही आढळते आणि तेथे ती निव्वळ उपग्रह डीएनएचा घटक असू शकते. जोड सिद्ध होतो तो दोन्ही बाजूंच्या जनुकांचा क्रम बाहेरच्या जातीत दोन वेगळ्या गुणसूत्रांवर सापडतो तेव्हा.

काचपट्टी

रक्तातील पांढऱ्या पेशी फायटोहिमॅग्लुटिनिन (पेशींना विभाजनास प्रवृत्त करणारे द्रव्य) घालून तीस अंशांच्या आसपास वाढवाव्यात, कोल्चिसिनने विभाजन थांबवावे, ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये पेशी फुगवाव्यात आणि मेथेनॉल व ॲसेटिक आम्ल यांच्या तीनास एक मिश्रणात स्थिर कराव्यात. सापांची सूक्ष्म गुणसूत्रे ठिपक्यांसारखी असतात आणि मोजताना हरवतात, म्हणून प्रत्येक सापाची वीस-पंचवीस चांगली पसरलेली चित्रे मिळेपर्यंत संख्या जाहीर करू नये. त्यानंतर बेरियम हायड्रॉक्साइड व जिम्सा यांनी सी-पट्टे (पुनरावर्ती डीएनएचे दाट भाग गडद दाखवणारे पट्टे) काढावेत, आणि त्याच जातीच्या दुसऱ्या काचपट्टीवर जीएटीएचा शोधक, म्हणजे जीएटीएला चिकटून चमकणारा डीएनएचा तुकडा, बसवावा. जीएटीए इतर गुणसूत्रांवरही थोडेफार विखुरलेले असते, त्यामुळे कुठेतरी चमक दिसणे पुरेसे नाही. मादीत एकच गुणसूत्र बाकीच्यांपेक्षा उठून दिसते का आणि तेच सी-पट्ट्यांत गडद आहे का, हे पाहावे. त्याच जातीच्या नराची काचपट्टी त्याच दिवशी, त्याच शोधकाने केलेली शेजारी असलीच पाहिजे.

तिन्ही बाजूंनी डब्ल्यूवर तोच डीएनए दिसला, तरी तो मादीपण ठरवतो असे म्हणण्याचा मोह होतो. बीकेएमच्या बाबतीत हे घडले आहे. उंदराच्या वाय गुणसूत्राच्या लिंगबदल घडवणाऱ्या भागात बीकेएमसदृश पुनरावृत्ती दाटलेल्या सापडल्या, तेव्हा लिंगनिश्चितीशी तिचा थेट संबंध असावा असा विचार पुढे आला. १९९० मध्ये सस्तन प्राण्यांतील निर्णायक जनुक एसआरवाय हाती लागले आणि ते वेगळेच निघाले. पुनरावर्ती डीएनए डब्ल्यूवर साचला तो अदलाबदल थांबल्यामुळे, की त्याच्या साचण्यामुळे अदलाबदल थांबली, हे ठरवायचे तर जिथे अदलाबदल नुकतीच थांबली आहे अशा भागांत पाहावे लागते, आणि मण्यारीच्या डब्ल्यूला जोडला गेलेला तुकडा त्यासाठी फार मोलाचा आहे. त्या तुकड्यावर मादीतील अक्षरभेद वाढलेले असूनही जीएटीएचे प्रमाण इतर साध्या गुणसूत्रांइतकेच निघाले, तर तिथे अदलाबदल आधी थांबली आणि पुनरावृत्तींचा साठा अजून व्हायचा आहे, असे म्हणण्याला आधार मिळेल. अक्षरभेद वाढलेले नसतानाच जीएटीए दाटलेले निघाले, तर उलट क्रमाचा विचार करावा लागेल.